फ्लॉपीतला बेडूक

मला कॉम्प्युटरचा राग येतो, हे आधीच सांगून टाकते. लोक म्हणतात, बाई, वय झालं तुमचं. वयाचा काही संबंध नाही. मोबाइलवर भाजी मागवते मी, कुणाला न विचारता. माझा राग एका बेडकामुळे आहे.

जुन्या इंदुरात संस्थेची एक मराठी शाळा होती, तिथं मी तिसरीला शिकवायची. मुलं बहुतेक मिलमधल्या लोकांची. एकेक मिल बंद पडत गेली तसा माझा वर्गही ओसरत गेला. कुणी खानदेशात परत गेलं, कुणी मुलांना हिंदी शाळेत घातलं, ज्यांना झेपलं ते इंग्लिश मीडियमला पळाले. शेवटी सगळ्या इयत्ता मिळून एकच वर्ग आणि नऊ मुलं उरली. हजेरी घ्यायला सुद्धा लाज वाटायची, सुरू केली की संपलीच.

जानेवारीत सेक्रेटरींनी ऑफिसात बोलावलं. आमच्याकडे तेच सर्वेसर्वा. माणूस वाईट नव्हता, पण जमाना बदलतोय, बाई, हे वाक्य ते दिवसातून दहादा म्हणायचे. म्हणाले, चौकातल्या इंग्लिश शाळेत इंटरनेटवर शिकवतात, आपल्यालाही देणगीत एक कॉम्प्युटर आलाय. महिन्याभरात त्याच्यावर एक पाठ घेऊन दाखवा. पटलं तर मराठीचा वर्ग पुढच्या साली चालू, नाही तर बंद. मी विचारलं, पाठ कुठला? ते म्हणाले, प्राण्यांचं जीवनचक्र घ्या, त्यात चित्रं छान असतात.

ही बातमी दोन दिवसांत घरोघर गेली. वर्गातल्या एका मुलीचे वडील मला गेटवर भेटले. पूर्वी मिलच्या स्पिनिंग खात्यात होते, आता सांवेर रोडच्या एका गोदामावर बारा-बारा तास चौकीदारी. आधी जरा हसले. म्हणाले, बेडूक तर खान नदीकाठी ढिगानं आहेत, त्याच्यासाठी मशीन कशाला? मी म्हटलं, भाऊ, हेच मी पण विचारते. मग ते चपलेनं माती उकरत राहिले.

"बाई, शाळा घराजवळ आहे म्हणून ही शिकतेय," ते म्हणाले. "हिची आई पोळ्या लाटायला जाते, मी ड्युटीवर. दूर कोण नेऊन सोडणार? वर्ग बंद झाला तर हिला गावी भावाकडे ठेवावी लागेल. तिथं शाळा नाही होणार हिची. गुरं राखेल."

आवाज जराही चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं, मी पण भांडले असते.

शाळेत इंटरनेट नव्हतंच. फोन होता, पण त्याच्या डायलला कुलूप आणि किल्ली सेक्रेटरींच्या खिशात. मग मी छत्रीबागेतल्या एका सायबर कॅफेत जायला लागले. प्लायवुडची खुराडी, आत कॉलेजची पोरं, आणि मी पदर खोचून बसलेली. पोरं मला बघून दचकायची. मी म्हणायची, चालू द्या, चालू द्या, मी काही तुमची आई नाही. दुकानवाला भिया, म्हणजे आमचा इंदुरी भैया, मात्र भला होता. त्यानं शोधून शोधून बेडकाचं एक पान काढून दिलं. ओळीनं पाच चित्रं: अंडी, शेपटीवाला भैकेर, मग पाय फुटलेला भैकेर, मग आखूड शेपटीचं पिल्लू आणि शेवटी बेडूक. इतकं सुंदर की मीच बघत राहिले. पंचवीस वर्षं मी भैकेर शिकवला होता, पण नीट पाहिला तो त्या खुराड्यात.

भियानं ते पान फ्लॉपीत घातलं. मी काही बावळट नाही, त्याच्यासमोर फ्लॉपी उघडून तपासली. पाचही चित्रं दिसली. दोनदा तपासली.

आता मुलांची तयारी. कॉम्प्युटर ऑफिसात कुलपाआड, पाठाच्या दिवशीच उघडणार. चित्रकलेत मी शून्य, माझा बेडूक बटाट्यासारखा येतो. म्हणून फळ्यावर पाच रिकाम्या चौकटी काढल्या आणि छडी लावून घोकून घेतलं. पहिली चौकट? अंडी! तिसरी? पाय फुटलेला भैकेर! इन्स्पेक्शनच्या आधी सगळेच मास्तर असं करतात, मी काही वेगळं पाप केलं नाही. दोन आठवड्यांत नऊच्या नऊ मुलं पोपटासारखी तयार झाली. ती चौकीदाराची मुलगी तर सगळ्यांत पुढे. चौकट उलटीसुलटी विचारली तरी चुकायची नाही.

पाठाच्या दिवशी मुलं तेल लावून, भांग पाडून आली. सेक्रेटरी खुर्चीत बसले. मी फ्लॉपी घातली, खरखर झाली, पान उघडलं. खाली इंग्रजी अक्षरं होती सगळी. वर पाच चौकटी होत्या, आणि प्रत्येक चौकटीत एक बारीकशी लाल फुली. चित्र एकही नाही.

नंतर भियानं सांगितलं, मॅडम, लिखाई आली फ्लॉपीत, फोटो नेटवरच राहिले. माझ्या दुकानात लाइन चालू होती म्हणून दिसले तुम्हाला. ते नंतरचं. तेव्हा मी नुसती माऊस दाबत राहिले. त्याच क्षणी म्हणायला हवं होतं की साहेब, बिघडलंय, उद्या घेते. जीभ उचलली नाही. आणि मुलांना तर काही बिघडलंय असं वाटलंच नाही. फळ्यावर होत्या तशाच पाच चौकटी समोर होत्या. मुलांनी आपली सुरुवात केली. पहिली, अंडी. दुसरी, शेपटीवाला भैकेर. खणखणीत आवाजात, एकही चूक नाही. मी उभी राहून ऐकत होते. त्यांना थांबवलं नाही मी. कदाचित निभावून जाईल, असा एक हलकट विचार माझ्या मनात आला होता, खोटं का बोलू?

सेक्रेटरी उठून पडद्याजवळ गेले. त्या मुलीला पुढे बोलावलं आणि तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं.

"हे काय आहे, बेटा?"

"पाय फुटलेला भैकेर."

"तुला दिसतोय तो?"

तिनं पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड कसं झालं होतं कोण जाणे, पण तिला त्यातून सगळं कळलं.

"हो," ती म्हणाली. "दिसतोय."

सेक्रेटरी ओरडले नाहीत. फक्त मला म्हणाले, "बाई, हे पण शिकवलंत?"

वर्ग बंद झाला. मी दोनदा अर्ज दिला, सगळी चूक माझी, मुलांची नाही, असं लिहून. उत्तर आलं नाही.

एप्रिलच्या शेवटी ते चौकीदार भाऊ दाखला न्यायला आले. मुलगी सायकलच्या दांडीवर बसली होती. ते ऑफिसात गेले तशी ती उतरून माझ्याजवळ आली. परकराचा काठ मुठीत धरलेला.

"बाई, मला खरंच काही दिसलं नव्हतं. मी खोटं बोलले म्हणून वर्ग बंद झाला ना?"

मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, नाही गं, तुझी काही चूक नाही. चूक माझी होती, आणि मिल बंद झाली त्यात तर कुणाचंच काही चाललं नाही. तुझ्यामुळे काही झालं नाही, कळलं ना तुला?

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मला काय ऐकायचंय ते बघितलं.

"हो," ती म्हणाली. "कळलं."