पात्यांच्या तालावर योहानाबाई

नेदरलँड्समधल्या बेस्ट गावात राहायला येऊन चार वर्षं झाली, तरी धम्मदीपाला शेजारच्या योहाना डेकर म्हणजे कुंपणापलीकडून हात हलवणारी एक उंच, ताठ म्हातारी एवढंच ठाऊक होतं. ऑफिस, नऊ वर्षांच्या आर्याची शाळा, रविवारी नागपूरला आईशी व्हिडिओ कॉल. शेजारपाजार करायला वेळ कुठला? मग लॉकडाऊन लागला आणि लांब राहणाऱ्या भाच्याशिवाय कुणी नसलेल्या बाईंना सामान कोण आणून देणार, असा प्रश्न आला. "मी आणते," धम्मदीपा म्हणाली. पिशवी दाराशी ठेवून ती दीड मीटर मागे सरकायची. कधी पिशवीत झुणक्याचा डबाही जायचा. बाई झुणका चक्क पावाला लावून खायच्या.

पुढच्या हिवाळ्यात शाळा पुन्हा बंद झाली, तशी आर्या मिटून गेली. मराठीत काही विचारलं तर डचमध्ये एका शब्दाचं उत्तर, नाहीतर तेही नाही. एका दुपारी मीटिंग चालू असताना धम्मदीपाने खिडकीतून पाहिलं, तर कुंपणाच्या दोन्ही बाजूंना योहानाबाई आणि आर्या हात पसरून एका पायावर उभ्या! बाई काहीतरी दटावत होत्या आणि आर्या खदखदून हसत होती.

संध्याकाळी धम्मदीपाने कुंपणाशी जाऊन इंग्रजीत विचारलं, "तुम्ही नाच शिकवायचात का?"

"फिगर स्केटिंग. तीस वर्षं, मुलांना. त्याआधी स्वतः स्पर्धेत उतरायचे."

आणि बाईंनी सांगायला सुरुवात केली. त्यांच्या तरुणपणी सगळे वाद्यवृंदाच्या तबकडीच्या तालावर उड्या मारत, गिरक्या घेत. योहानाला वाटायचं, बर्फावरून फिरणाऱ्या स्केटच्या पात्याला स्वतःचा आवाज आहे, तो कुणी ऐकतच नाही. सरळ जाताना रेशीम फाडल्यासारखा, वळताना खरवडल्यासारखा. एका मोठ्या स्पर्धेत तिने संगीत लावलंच नाही. त्या आवाजावरच सगळं बसवलं. ताठ पाठीचा रिवाज मोडून ती मधेच पार वाकली आणि हाताने बर्फ चाचपत गेली.

"लोकांना आधी वाटलं, तबकडी बिघडली. मग सगळे गप्प झाले. शेवटी काहीजण उभे राहिले. परीक्षक मात्र बसूनच होते," बाई हसल्या. "सगळ्यांत खालचा नंबर! पहाटे उठून मला सरावाला नेणारे माझे वडील परतताना एवढंच म्हणाले, तू माझं हसं केलंस."

"म्हणून सोडलंत?"

"छे! पुढच्या वर्षी पुन्हा तेच केलं, आणखी चांगलं. पुन्हा शेवटची आले. मग स्पर्धा सोडली. स्केटिंग नाही."

ताटं विसळताना धम्मदीपाला भीमजयंतीचा वस्तीतला मांडव आठवला. दरवर्षी ती तिथे नाचायची. दहावीच्या वर्षी तिने आपणहून थांबवलं. मार्क कमी पडतील म्हणून. घरच्यांनी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. त्यानंतर पाय कधी उचलावासाच वाटला नाही, की वाटू दिलं नाही, हे तिला नीट सांगता आलं नसतं.

फेब्रुवारीत कडाक्याची थंडी पडली. घरामागचं तळं गोठलं आणि अख्खं गाव स्केट घेऊन तिथे लोटलं. योहानाबाई जुने पांढरे बूट काखेत मारून दारात उभ्या.

"तुमच्या भाच्याला कळलं तर?" धम्मदीपा घाबरली.

"त्याला सांगणार कोण?"

काठापासून थोड्या अंतरापर्यंत त्यांनी धम्मदीपाचा दंड धरला. मग सोडला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती बाई एका पायावर लांबलचक वळण घेत गेली. पाठ वाकलेली, बोटं बर्फाला टेकत. आजूबाजूचे लोक थांबले. पात्याचा तो बारीक आवाज तेवढा येत राहिला.

परत आल्या तेव्हा बाई धापा टाकत होत्या आणि वैतागल्या होत्या. "शेवटी बिघडलं. पुन्हा करते."

"आता नको!"

"तुला कुणी विचारलंय?" म्हणत त्या निघाल्यासुद्धा.

त्याच वर्षी शरद ऋतूत योहानाबाई झोपेतच गेल्या. अंत्यविधीला मोजकीच माणसं, खुर्च्या लांब लांब. एक पिकल्या केसांची विद्यार्थिनी म्हणाली, "बाई आम्हाला संगीताशिवाय शिकवायच्या आणि आम्ही घरी जाऊन रडायचो." सगळे हसले. भाच्याने बाईंची एखादी आठवण विचारली तेव्हा धम्मदीपाने मोडक्यातोडक्या डचमध्ये तळ्यावरची गोष्ट सांगून टाकली. मग त्याने डोळे पुसले.

बाहेर सायकलींचं कुलूप काढताना बाईंना ओमा, म्हणजे डचमध्ये आजी, म्हणणाऱ्या आर्याने विचारलं, "ओमा तळ्यावर पडली असती तर?"

"पडली असती."

"मग तू नेलंस कशाला?"

धम्मदीपाने मास्क खाली ओढला. काळजी, माणुसकी, शेजारधर्म अशी बरीच उत्तरं तोंडाशी आली. त्यातलं एकही खरं नव्हतं.

"मला बघायचं होतं," ती म्हणाली.

आर्याने मान डोलावली, जणू हे कारण पुरेसं होतं, आणि दोघी समोरच्या वाऱ्यात पेडल मारू लागल्या.