विक्कीची आई मधल्या सोफ्यावर

घुग्घुसमध्ये लग्न असो, बारसं असो की पुढाऱ्याचा वाढदिवस, मंडप हाजराबाईंचाच. नवरा गेला तेव्हा दीर म्हणाले, धंदा विकून टाका. बाईंनी ओढणी कमरेला बांधली आणि खांब रोवायला स्वतः उभ्या राहिल्या. तेव्हापासून त्यांच्या मंडपाचा खांब कधी कलला नाही आणि त्यांचा आवाज कधी खाली आला नाही.

खांब, ताडपत्र्या, खुर्च्या सगळं बाजारामागच्या मोकळ्या जागेत असे. जागा सरकारी होती. ती टिकून होती नगरसेवक सुरजभाऊंच्या शब्दावर. त्या जागेवर आता विक्कीचा डोळा होता. खाणीतून निघालेल्या ट्रकांतला कोळसा वाटेतच उतरवून विकायचा, हा त्याचा धंदा. निवडणुकीत विक्कीची पोरं आणि गाड्या भाऊंसाठी पळत. एरवी विक्कीचा ट्रक पोलिसांनी धरला की भाऊंचा फोन जाई. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पेपरात मात्र येऊ नये, एवढीच भाऊंची काळजी.

भाऊंच्या वाढदिवसाला सकाळीच त्यांचा बाईंना फोन आला.

"बाई, विक्कीले माया बाजूले बसवू नका. पेपरवाले येऊन राह्यले. मागं कुठी तरी टाका त्याले."

फोन ठेवते न ठेवते तोच विक्कीची बुलेट दारात.

"हाजराबाई, आज माई जागा भाऊच्या बाजूलेच. मधल्या सोफ्यावर. नाई तं उद्या तुमच्या जागेवर माया कोळसा पडन. कोळशाले भाऊनं हो म्हटलं आहे."

"भाऊनं अर्धं हो म्हटलं असंन," बाई म्हणाल्या. "चहा घेतो का?"

विक्की चहा न घेताच गेला. बाई ओट्यावर बसल्या. एकाला दुखवावं तर जागा जाते, दुसऱ्याला दुखवावं तरी जागाच जाते. समोर विक्कीची आई इतवारीबाई अंगणात पापड वाळत घालत होती. त्या मोकळ्या जागेला लागूनच तिचं अंगण. हाजराबाई उठल्या आणि तिकडे गेल्या.

संध्याकाळी मंचावर मधोमध एकच सोफा, दोघांचा. त्यावर सुरजभाऊ, आणि शेजारी नव्या लुगड्यात इतवारीबाई. वॉर्डातल्या वयानं सगळ्यांत थोर बाईच्या हातून औक्षण, असं हाजराबाईंनी माइकवरूनच जाहीर करून टाकलं होतं. भाऊ खूश. फोटोत विक्की नाही, उलट म्हातारीचा आशीर्वाद! विक्की मंचाच्या पायरीवर थबकला. सख्ख्या आईला सोफ्यावरून उठवायची कोणाची छाती?

औक्षण झालं. इतवारीबाईंनी ताम्हण खाली ठेवलं आणि माइक हातात घेतला.

"भाऊ, उदंड आयुष्य लाभो. पण एक सांगा. हाजराबाईची जागा तुमी माया विक्कीले कोळशासाठी देऊन राह्यले म्हणते. खरं का? माये पापड काळे होतीन नं!"

मंडप हसला. पेपरवाल्यांनी मोबाइल उंचावले. भाऊंनी घाईनं माइक ओढून घेतला.

"छे छे! विक्कीचा नि माया काय संबंध? कोळशाले कसली जागा? ती जागा मंडपाचीच. सोमवारी कागद करून देतो, सगळ्यांसमोर सांगतो!"

"ऐकलं का रे विक्की?" आईनं पायरीकडे पाहून विचारलं. "वाजव टाळ्या."

विक्कीनं वाजवल्या. गाव पाहत होतं, काय करतो!

कार्यक्रम उरकल्यावर तो तणतणत आला.

"मायले कोणं शिकवलं?"

"कोणी नाई," हाजराबाई खुर्च्या रचत म्हणाल्या. "तुया कोळसा कुठी पडणार, एवढंच मी तिले सांगितलं. पापडाचं तिचं तिनंच जोडलं."

"बाई, तुमी लई..."

"हो. धर त्या बाजूनं सोफा. जड आहे."

विक्कीनं इकडे तिकडे पाहिलं, आई अजून मंडपाच्या दारातच उभी होती. त्यानं त्या बाजूनं सोफा उचलला.