मुबीना मुकादम आणि फिकट काडी

नाव: श्रीमती मुबीना शहजाद मुकादम. वय: सत्तेचाळीस. राहणार: पनवेल. पद: मदतनीस (अकुशल), दंतोपचार केंद्र, खांदा कॉलनी. शिक्षण: नववी उत्तीर्ण, दहावीबाबत मतभेद. कर्तव्ये: हत्यारे निर्जंतुक करणे, थुंकी ओढणारी नळी धरणे, ॲप्रन धुणे, रुग्णास धीर देणे. उपचारासंबंधी मत देण्याचे अधिकार: निरंक.

शैलेश कडू हा उरणचा क्लॅरिनेटवाला. ब्रास बँडमध्ये लोक ढोलावर नाचतात, पण गाणं कुठलं चाललंय ते क्लॅरिनेटवरून कळतं. हे वाद्य वरच्या पुढच्या दातांवर टेकवून फुंकायचं, आणि शैलेशचा नेमका त्यातलाच एक दात आतून सडलेला. रूट कॅनाल दोनदा झालं. दोन्ही वेळा महिन्याभरात हिरडीवर पुवाची पुटकुळी हजर.

"भाभी, दात काढला त मी वाजवू काय?" खुर्चीत टेकताना त्याने मुबीनाला विचारलं.

"खुळखुळा वाजवा. त्याला दात लागत नाही."

"हसू नको. आमच्या पार्टीत दुसरा क्लॅरिनेटवाला नाय. हळदी सुरू होतील आता."

मुबीना हसत नव्हती. दोन्ही वेळा नळी तिनेच धरली होती, त्यामुळे तो दात थोडाफार आपलाही आहे असं तिला वाटे.

प्रांजल मॅडम दवाखान्यात नव्या होत्या, आणि त्यांनी प्रकाशाचं मशीन आणलं होतं. दाताच्या मुळाच्या पोकळीत निळं औषध सोडायचं. ते जंतूंना चिकटतं. मग सुईएवढ्या तारेतून लाल लेझर आत सोडला की ते निळं जागं होतं आणि चिकटलेल्या जंतूंना मारतं. "या वेळी नाही जमलं तर दात काढायचा," मॅडम म्हणाल्या होत्या. तोंडावर रबराचा पडदा ताणलेला असल्यामुळे शैलेशला उत्तरादाखल फक्त भुवया हलवता आल्या.

दवाखान्याचा एक रिवाज होता. पोकळी धुताना शेवटचा हात हायपोचा. हायपो म्हणजे जंतू मारायचं उग्र पाणी, घरातल्या ब्लीचचा सख्खा भाऊ. थोरले डॉक्टर सत्यजीत वीस वर्षं तेच करत आले होते, आणि मॅडमनीही रिवाज निष्ठेने उचलला होता. त्यांनी शेवटी हायपो फिरवलं, पोकळी टिपली, निळं औषध सोडलं, काही मिनिटं थांबल्या. जादा औषध टिपायला कागदाची बारीक काडी आत घातली, बाहेर काढली आणि ट्रेमध्ये टाकली. लेझर हातात घेतला.

मुबीनाने काडी पाहिली. पाण्यासारखी फिकट.

ती म्हणाली, "मॅडम, काडी बघा."

"ओली आहे, म्हणून फिकट दिसते."

"या दवाखान्याचे निळे ॲप्रन सोळा वर्षं मी धुतेय. हायपोचा थेंब पडला की तिथला निळा उडतो. आत हायपो राहिलंय. त्याने तुमचं औषध खाल्लं. आता लाइट मारून फायदा कुणाचा, वीज कंपनीचा?"

शैलेशच्या भुवया कपाळावर गेल्या. मॅडमनी काडी उचलली, दिव्याखाली धरली. चूक कबूल करायला डॉक्टरांना साधारण किती वेळ लागतो याचा मुबीनाला अनुभव होता. मॅडमना चार सेकंद लागले.

"ताई, सलाइन द्या."

पोकळी सलाइनने तीनदा धुतली, कोरडी केली, निळं पुन्हा सोडलं. या वेळी काडी निघाली ती शाईत बुडवल्यासारखी. मग लेझर पेटला आणि शैलेशचा दात आतून लालेलाल उजळला. मुबीनाने श्वास सोडला, नळी मात्र हलू दिली नाही.

पुटकुळी परत आली नाही. चार महिन्यांनी एक्स-रे काढला तर मुळाशी आधी वाटाण्याएवढा दिसणारा संसर्गाचा काळा डाग मोहरीएवढा उरला होता. शैलेश येताना क्लॅरिनेट घेऊनच आला होता. त्याने बाहेरच्या बाकावर बसून ते दाताला टेकवलं आणि हळदीचं असं गाणं लावलं की गाल सुजलेल्या दोन पेशंटांनी ठेका धरला आणि तिसरा त्याचा नंबर लागला तरी उठेना. मुबीना दारात उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती. धुवायची हत्यारं तोवर थांबली.

"सीझनभर वाजवतोय, भाभी. एक सुपारी सोडली नाय," शैलेश म्हणाला.

निळं औषध भरलं की प्रांजल मॅडम आता काडी मुबीनाला दाखवतात आणि ती हो म्हणाली की लेझर लावतात.