मागची सीट

नवरा रिटायर झाला की दिवसभर पायात पायात येतो, असं सगळ्या मैत्रिणींनी बजावून ठेवलं होतं. आमचे हे पायात आलेच नाहीत. ते खाली पार्किंगमध्ये गेले. कोलकात्यात बालीगंजच्या आमच्या बिल्डिंगमध्ये, जिन्याच्या बाजूला, त्यांची जुनी मोटारसायकल ताडपत्रीखाली उभी असायची. लांब पल्ल्याची, जडशीळ, आमच्या लग्नाच्याही आधीची. दुर्गापूजेची गर्दी ओसरल्यावर एका रविवारी त्यांनी ताडपत्री काढली आणि वर येऊन चहा पिता पिता जाहीर केलं, "यंदा थंडीत गाडी नाशिकपर्यंत चालवत न्यायची."

रस्ताही ठरवून झाला होता. संबलपूर, रायपूर, नागपूर, अकोला, जळगाव, नाशिक. बँकेने जिथे जिथे बदली केली ती गावं, शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत. या प्रत्येक गावात कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरल्या त्या मी. नव्या गावात दूधवाला, शाळा, पोळ्यांसाठी बरी कणीक शोधली तीही मीच.

पण जाणार कोण कोण, ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. विचारलं तर "तुला कशाला उगीच त्रास" म्हणतील अशी धास्ती होती, आणि धास्तीपेक्षा हट्ट मोठा होता. माझ्या गावांमधून जायचं तर त्यांनी आपणहून "चल" म्हणावं, एवढंच मला हवं होतं. मग मी बाल्कनीत उभी राहून खाली काय चाललंय त्यावरून अंदाज बांधायला लागले.

अंदाज काही केल्या जुळेना. गरियाहाटकडचा एक मिस्त्री रविवारी घरीच यायचा. त्याने कार्बोरेटर उघडून रॉकेलमध्ये बुडवला, चेन बदलली, इंजिनखाली ठिबकणाऱ्या तेलाचा बंदोबस्त केला. तिथवर ठीक. मग एका रविवारी बघते तर मागची सीट गायब! नुसता लोखंडी सांगाडा, आणि त्यावर हे टेपने मापं घेतायत. म्हटलं, झालं, तिथे सामानाची पेटी बसणार. एकटे निघाले. त्या दिवशी आमटीत मीठ पडलं नाही आणि त्यांनी ती मुकाट्याने खाल्ली, त्याचाही मला राग आला.

चारआठ दिवसांनी ते एस्प्लनेडच्या बाजारात जाऊन रेनसूट घेऊन आले. एकच. मी मनात म्हटलं, बरोबर. पण त्याच संध्याकाळी मला विचारतात, "तुझी कंबर हल्ली कशी आहे?" आता रेनसूट एक आणि चौकशी माझ्या कंबरेची, यातून माणसाने काय समजायचं? "आहे तशीच आहे," म्हटलं. ते "हं" म्हणाले आणि टीव्ही लावला.

मुलगी सेक्टर फाइव्हमधल्या ऑफिसातून रोज फोन करते. तिची बरीचशी शाळा महाराष्ट्राबाहेर झाली, त्यामुळे तिचं मराठी जरा अडखळतं, पण बोलते मात्र तोडून. "आई, तू बाबांना डायरेक्ट विचारून टाक ना. एवढा काय विचार करते? आणि ते नेणार असतील तर तुला जायचं आहे का?"

"हा प्रश्न आहे का?" मी म्हटलं आणि फोन ठेवला. मला नीट आठवतं, उत्तर दिलंच नव्हतं मी.

त्यानंतरच्या रविवारी सीट परत आली होती. जाड, नवं रेक्झिन घातलेली, फुगलेली. माझा जीव जरा भांड्यात पडतोय तोवर ह्यांनी वर येऊन स्वयंपाकघरातून तांदळाचं पोतं उचललं, खाली नेलं आणि त्या सीटवर दोरीने करकचून बांधलं. वर आणखी माझी डाळीची पिशवी. मी चपला सरकवून तशीच खाली गेले.

"अहो, तांदूळ कुठे निघाले?"

"कुठे नाही. मागची स्प्रिंग सेट करतोय. बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे घट्ट करावी लागते." ते खाली वाकून बघत होते. "हे साधारण तुझ्याएवढं होतंय. डाळ धरून."

मिस्त्री दोघांकडे आळीपाळीने बघत होता. म्हणाला, "बौदी घर में हैं, तो चावल क्यों बाँधा, दादा?" इथे वहिनीला बौदीच म्हणतात.

"तिला कशाला खाली बोलवायचं, म्हटलं," हे म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे मी येणार आहे?"

आता ते गोंधळले. हातात पाना घेऊन उभेच राहिले. "म्हणजे? येणारच ना तू. तुझ्यासाठीच तर सीट जाड करून घेतली, रेनसूट आणला; माझा जुना आहेच. नाहीतर मी एकटा काय करू जळगावात?"

"मला विचारलंत कधी?"

"अगं, यात विचारायचं काय?"

त्यांचं खोटं नव्हतं. आमच्याकडे असंच होत आलं. बँकेतून ऑर्डर यायची, हे घरी येऊन गावाचं नाव सांगायचे आणि मी माळ्यावरची खोकी काढायला स्टूल ओढायची. ते नाव ऐकून मला काय वाटलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी स्वतःला विचारलं नाही. नोकरीच तशी होती. पण आता कुठे ऑर्डर होती?

"मग आता विचारा," मी म्हटलं.

मिस्त्री उगीचच चेनकडे बघायला लागला. ह्यांनी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि जरा अवघडून म्हणाले, "येतेस का माझ्याबरोबर?"

इतके आठवडे ज्यासाठी मी आतल्या आत कुढत होते, ते समोर होतं. हो म्हणायला तोंड उघडलं आणि हो येईना. नाहीही येईना. अकोल्याचं घर आठवलं, तिथला उन्हाळा आठवला, जळगाव सोडताना रडलेली मुलगी आठवली. मला ते सगळं पुन्हा बघायचंय की कधीच बघायचं नाहीये, काही कळेना. तांदळाच्या पोत्याचं बरं असतं, त्याला कुणी विचारत नाही.

"सांगते," एवढंच म्हणाले आणि जिना चढायला लागले.

पहिल्या मजल्यावर थांबून खाली पाहिलं. काम सुरू झालं नव्हतं. हे सीटवर हात ठेवून, मान वर करून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या उत्तरासाठी कुणीतरी थांबलं होतं.