साहेबाचं वेगळं वरण

आशाबाई समुद्रावरच्या साहेबासाठी वेगळं वरण शिजवते, ही बातमी आदिलाबादजवळच्या आमच्या जैनथ गावच्या ऑटो स्टँडवर आशाबाईच्या आधी पोचली. आणली कोणी, ते विचारू नका. बाजारातल्या ओट्यावर बसणाऱ्या वच्छलाबाईंच्या तोंडाला कुलूप घडवणारा लोहार अजून जन्मायचा आहे.

"चाळीस जणांले तिखटजाळ भाजी, अन् साहेबाले साधं वरण, वरून तूप! काऊन बाप्पा?" एवढंच त्या म्हणत. पुढचं ऐकणारे आपापल्या मगदुराप्रमाणे शिजवीत.

आता बाई कोण, ते सांगतो. देवाजीची बायको. पेनगंगेपेक्षा मोठं पाणी तिनं जन्मात पाहिलेलं नव्हतं. कापूस वेचणी संपली की देवाजी टोळीबरोबर आंध्राच्या किनाऱ्यावर जाई. तिथं जहाजं लागायचा धक्का बांधायचं काम चाललं होतं. टोळीला भाताचा कंटाळा, भाकर पाहिजे. म्हणून बाईही गेली. साऱ्या टोळीचा स्वयंपाक तिच्या हातचा, मजुरी मात्र नवऱ्याच्या नावात मिसळलेली. आमच्याकडे हे असंच. विचारलं तर म्हणतात, "घरचीच हाय ना!"

एका दुपारी ती क्रेनच्या बार्जवर, म्हणजे क्रेन ठेवलेल्या सपाट बोटीवर, जेवणाचा टोप घेऊन चढत होती. लाटेनं बार्ज उचलला, चढायची फळी सरकली, आणि तिचं डावं पाऊल बार्ज आणि धक्क्याच्या मध्ये चेंगरलं. अर्धं कापावं लागलं. कंपनीनं हात झटकले: ही आमची कामगार नाहीच, नवऱ्याचा डबा घेऊन आलेली बायको आहे.

"नवऱ्याचा डबा?" बाई म्हणाली. "माहा नवरा एकटा टोपभर भाजी खाते काय?" आणि आदिलाबादच्या लेबर ऑफिसात तिनं दावा लावला.

कंपनीचा वकील म्हणाला, मार समुद्रात लागला, दावा इथं कसा? अधिकारी मॅडम म्हणाल्या, कामगार राहतो तिथंही दावा लागतो, पुढे बोला. पण पुढे बोलणार कोण? काम जाईल या भीतीनं टोळीतला एकही जण साक्षीला येईना. तिची बाजू सांगणारा उरला एकटा नवरा, आणि नवऱ्याच्या कानात वरण शिरलेलं.

"काईबी बोल, पण तिथं वरणाचं नाव काढू नको," देवाजी बसमध्ये म्हणाला. "गावात तोंड दाखवाले जागा ठेव."

"तोंड हाय जागेवर. पाय गेला, त्याचं बोला."

सुनावणीत कंपनीनं त्याच वरणवाल्या इंजिनिअरसाहेबाला उभं केलं. तो सरळ म्हणाला, "मैं इनको नहीं जानता."

मागच्या बाकावर वच्छलाबाई बसल्या होत्या. आदिलाबादला 'सहज' आल्या होत्या म्हणे! बाईनं त्यांच्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. काठीवर रेलून उभी राहिली आणि आपल्या हिंदीत साहेबाला विचारलं, "साब, पेट का दरद कैसा है अभी? मिरची तो नहीं ना खाते?"

"नहीं, आशाबाई," साहेब सवयीनं बोलून गेला, "डॉक्टर ने बिलकुल बंद करवा दी."

वच्छलाबाईंची सुपारी गालातच राहिली.

मॅडमनी चष्मा काढला. "ओळखत नाही, मग नाव कसं माहीत?"

साहेबाची मान खाली गेली. माणूस वाईट नव्हता, नोकरीला घाबरलेला होता. एकेक करून त्यानं सगळं सांगितलं. साऱ्यांचं जेवण हीच करायची. ते बार्जवर आणायला त्यानंच सांगितलं होतं. मजूर जेवायला किनाऱ्यावर गेले की क्रेन रिकामी उभी राहायची.

झालं! डबा घेऊन आलेली बायको तिथल्या तिथं कामगार ठरली, आणि तिच्या पायाची भरपाई कंपनीच्या अंगावर आली.

निकालाच्या दिवशी ती जैनथला ऑटोतून उतरली. घराकडे जायला मागची गल्ली जवळची. पण ती भर बाजारातून गेली, काठी ठक ठक आपटत, जणू गावाला दवंडी. देवाजी दोन पावलं मागं, तिची पिशवी घेऊन.

"काऊन देवाजी," वच्छलाबाईंनी ओट्यावरून खडा टाकलाच, "साहेबाले वेगळं वरण शिजवत होती म्हणे?"

"शिजवत होती ना!" देवाजी साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असा म्हणाला. "कामच होतं तिचं ते. मॅडमनं लिहून देल्लं."

साहेबाला अल्सर होता. त्याला तिखट चालत नव्हतं.