दोनदा सांगणारे भाऊजी

आमच्या भाऊजींनी आयुष्यात कुठलीही गोष्ट एकदाच सांगितलेली नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभी नोकरी त्यांनी एसटी स्टँडवर चौकशीच्या काचेमागे, माइकसमोर बसून काढली. गाडी लागली की ती कुठली, कोणत्या मार्गे जाणार, हे दोनदा सांगायचं, हा तिथला रिवाज. तो त्यांच्या अंगात इतका मुरला की पंगतीतही "मठ्ठा आणा, मठ्ठा आणा" असं ते एका सुरात म्हणतात आणि वाढपी बिचारा दोन वाट्या ठेवून जातो. ताईला मुलगी झाली तेव्हा त्यांनी माझ्या आईला फोन करून "मुलगी झाली आहे, मुलगी झाली आहे" असं कळवलं होतं. आईने आळीभर जुळ्यांचे पेढे वाटले.

त्यांची दुसरी खोड याच्या अगदी उलटी. माइक पुढ्यात असला तर हा माणूस कलेक्टरलाही रांगेत उभा करील, पण समोर जितंजागतं माणूस आलं की तोंडात मिठाची गुळणी. वाणी तूरडाळीऐवजी मसूरडाळ देतो आणि हे ती मुकाट घेऊन येतात. ताईवर रागवायचं असेल तर आधी शेजारच्या खोलीत जातात, दार ओढून घेतात आणि मग दाराआडून रागवतात. तेही दोनदा. ताई इकडे भाजी निवडत असते. "त्यांना मधे काहीतरी लागतं गं," ती मला म्हणाली होती. "काच म्हण, दार म्हण. त्याशिवाय त्यांना बोलताच येत नाही."

रत्नागिरीत त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर मी राहते आणि घरगुती मसाले करून विकते. भाऊजी निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, आता हे झोपाळ्यावर बसतील, वर्तमानपत्र वाचतील, आपण आपला मसाला दळावा. कसलं काय! पुण्याला असलेल्या भाचीने त्यांच्या फोनमध्ये ती एआय की काय म्हणतात ती घालून दिली आणि सांगितलं, "बाबा, तुम्ही बोला, हे लिहून देईल. मुंबईतल्या आपल्या गाववाल्यांसाठी श्रुतिका करा." भाची पुण्याला गेली आणि आम्ही दोघी बहिणी इथे कामाला लागलो.

त्या दिवसापासून ते यंत्र भाऊजींचे "सहकारी" झाले. यंत्र हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा नाही. सहकाऱ्यांशी बोलताना अहो-जाहो करायचं. सोमवारी सहकाऱ्यांना साप्ताहिक सुट्टी, त्या दिवशी त्यांना काहीही विचारायचं नाही. एकदा ताईने सोमवारी त्याला कैरीच्या लोणच्याचं प्रमाण विचारलं, तर भाऊजी दाराआड गेले. आणि या सहकाऱ्यांची जीभ तरी केवढी गोड! भाऊजींनी काहीही सुचवलं की तिकडून उत्तर येणार, "वा, किती सुंदर कल्पना!" एवढ्या नोकरीत त्यांना एका प्रवाशाने कधी बरं म्हटलं नव्हतं, मग या कौतुकाने माणूस हुरळणार नाही तर काय? ताई शांतपणे म्हणाली, "मीच लग्नानंतर थोडं थोडं कौतुक करत राहायला हवं होतं. एकदम मिळालं की असं होतं."

पहिली श्रुतिका दाभोळच्या खाडीतल्या एका तांडेलावर होती. सहकाऱ्यांनी ती चुटकीसरशी लिहिली. तिच्यात तो तांडेल ऐन आषाढात, धो धो पावसात, हसत हसत होडी घेऊन समुद्रात जात होता. कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल की तेव्हा होड्या किनाऱ्यावर झावळ्यांनी शाकारून ठेवलेल्या असतात. भाऊजींनी सहकाऱ्यांना खडसावलं. तिकडून लगेच, "आपण अगदी बरोबर आहात, मी दिलगीर आहे." भाऊजींचे डोळे पाणावले. मला म्हणाले, "मेव्हणीबाई, माफी मागितली त्यांनी. आमच्या साहेबांनी कधी मागितली होती का? कधी मागितली होती का?" या आनंदात श्रुतिका दुरुस्त करायची राहिली आणि तो तांडेल आषाढातच गेला. मुंबईहून गाववाल्यांचे फोन आले, ते ताईने घेतले.

मग सहकाऱ्यांना खऱ्याखुऱ्या आवाजांची हौस आली. त्यांनी सुचवायचं आणि मी राबायचं. पाऊस हवा म्हणून मी सुपात तांदूळ घोळवत उभी. वल्ह्याचा आवाज हवा म्हणून माझा हात कोपरापर्यंत बादलीत. बाजार हवा म्हणून भाऊजी बुरोंडीला जाऊन मासळीचा लिलाव टिपून आले. कोळणींच्या तोंडासमोर कुणी फोन धरला तर त्या काय आरती म्हणणार आहेत? त्या आवाजात घरात ऐकवण्यासारखं एक वाक्य नव्हतं. सहकाऱ्यांनी तोडगा काढला की त्याखाली मंद बासरी घालू. या सहकाऱ्यांना मंद बासरीचं भारी वेड. लग्न असो, भांडण असो, म्हैस विणार असो, मागे मंद बासरी. आणि या सगळ्याच्या पायी रोज दुपारी चार वाजता खालून काठीने माझी जमीन ठोकली जायची, "मिक्सर बंद ठेवावा, मिक्सर बंद ठेवावा." मी धणे तसेच टाकून बसायची. माझी गिऱ्हाइकं मसाल्यासाठी खोळंबलेली आणि आमच्या घरी बासरी! खरं सांगते, तो फोन एकदा तरी पाट्यावर ठेवून वरवंट्याने वाटावा, असं मनात यायचं.

शिमगा जवळ आला तेव्हा भाऊजींनी गाऱ्हाणं करायला घेतलं. त्यांच्या गावात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, खळ्यात म्हणजे घरापुढच्या अंगणात बसते, आणि एक जाणता माणूस देवाला गाऱ्हाणं घालतो. त्याचं एकेक वाक्य संपलं की जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. काय मागितलं ते कुणी फारसं ऐकत नाही, वाक्य पडलं की व्हय म्हाराजा. ज्यांना शिमग्याला येता येत नाही अशा मुंबईकरांसाठी भाऊजींना ते स्वतःच्या आवाजात, मधे जागा सोडून, तयार करायचं होतं. म्हणजे लोकांनी परळला बसून व्हय म्हाराजा म्हणावं. सराव करायला जनता म्हणून ताई आणि मी. दिवसच्या दिवस आम्ही व्हय म्हाराजा म्हणत होतो. शेवटी मी गिऱ्हाइकालाही फोनवर "पाव किलो? व्हय म्हाराजा" म्हणाले.

सहकारी प्रत्येक वाक्यामागे सांगत होते की पुनरुक्ती टाळता येईल. भाऊजी प्रत्येक वाक्य पुन्हा दोनदा करत होते. असं चाललेलं असताना एका दुपारी सहकाऱ्यांनी विचारलं, "या गाऱ्हाण्यात तुम्हाला स्वतःसाठी काही मागायचं आहे का?"

मी हातात सूप घेऊन उभी होते. ताई लसूण सोलायची थांबली.

मग भाऊजींनी त्या फोनला जे सांगितलं ते आम्ही घरात कधी बोलत नव्हतो. गावी त्यांचा धाकटा भाऊ आहे. एकच घर, एकच खळं, मधे वाटणीचा गडगा, म्हणजे चिऱ्याच्या दगडांची बुटकी भिंत. वडील गेल्यावर त्या गडग्यावरून दोघांची कुरबूर झाली. समोरासमोर बोलले असते तर चहा होईस्तोवर मिटली असती. पण समोरासमोर बोलतील ते भाऊजी कसले? एक दिवस धाकटा काही कामाला रत्नागिरीला आला होता आणि परतीच्या दापोली गाडीत बसला होता. ते काचेतून यांना दिसलं. यांनी माइक ओढला आणि भर स्टँडवर त्याचं नाव घेऊन जाहीर केलं की त्यांनी आपल्या थोरल्या भावाच्या हद्दीतले चिरे काढून घ्यावेत. आणि दोनदा केलं. अख्खी गाडी त्याच्याकडे वळून बघायला लागली. तो मान खाली घालून उतरला, चालत निघून गेला, आणि त्यानंतर तो कधी भाऊजींशी बोलला नाही आणि त्या स्टँडवर त्याने पाऊल ठेवलं नाही. चिरे तर त्याने दुसऱ्याच दिवशी हलवले होते. भाऊजींना नुसता एक शब्द बोलायचा होता त्याच्याशी, आणि तो बोलण्यासाठी मधे धरायला त्यांना काही सापडत नव्हतं.

सहकाऱ्यांनी क्षणात चार ओळी लिहून दिल्या. त्यांत बंधुप्रेमाचा अमृतवर्षाव होता, नात्यांची वीण होती आणि अर्थात मंद बासरी होती. भाऊजी म्हणाले, "हे काढा, हे काढा." सहकाऱ्यांनी काढलं. आणखी साधं लिहून दिलं. तेही काढा. मग तो विषयच संपला. माझा मात्र जीव तुटला. इतके दिवस ते यंत्र मला फोडावंसं वाटत होतं आणि त्या दिवशी वाटलं, अरे गधड्या, काढा म्हटल्यावर लगेच काय काढतोस, जरा हट्ट कर की.

शिमग्याला आम्ही तिघं गावी निघालो. दोन फेरीबोटी बदलून, भाऊजींनी तयार गाऱ्हाणं भरून घेतलेला स्पीकर माझ्या मांडीवर. मुंबईकरांसाठी त्याला पालखीचा ढोल टिपून जोडायचा होता म्हणे. गावी पोचलो तो वेगळीच पंचाईत. गाऱ्हाणं घालणाऱ्या गुरवांचा घसा साफ बसला होता. घरोघर ओरडून दरवर्षी बसतोच, पण यंदा शब्दही फुटेना. पालखी खळ्यात आली. पालखीसाठी गडगा नसतो, ती दोघा भावांची मिळून एकदाच बसते. गडग्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे धाकटा भाऊ, आमच्याकडे पाठ करून.

एक मानकरी म्हणाले, "थोरल्यानू, घर तुमचं. घाला गाऱ्हाणं तुम्हीच."

एवढी माणसं समोर. मधे ना काच, ना दार. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं आणि स्पीकरकडे बोट केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मानकऱ्यांनी विचारलं, "देवाफुडं मशीन?" त्यावर गुरवांनी भाऊजींच्या तोंडाकडे आणि स्पीकरकडे बोट करून, खुणेनेच सांगितलं की वाजवा, आवाज घरच्याच माणसाचा आहे.

मी बटण दाबलं. "बा देवा म्हाराजा, आज तुझी पालखी आमच्या खळ्यात बसली, ती सेवा मान्य करून घे म्हाराजा." खळं भरून व्हय म्हाराजा झालं. लगेच तेच वाक्य पुन्हा. लोक जरा गोंधळले, पण वाक्य पडलं म्हणून पुन्हा व्हय म्हाराजा. लेकरांच्या नोकरीधंद्याला यश दोनदा मागून झालं, आंब्याचा मोहोर दोनदा राखून झाला. लोकांना ताल सापडला. गडग्यापलीकडून धाकट्याचाही आवाज येत होता, देवाचं काम म्हणून. मला सगळं पाठच होतं, आता संपलं म्हणून मी बटणाकडे हात नेला.

आणि जे आमच्या सरावात कधीच नव्हतं ते वाक्य आलं. भाऊजींच्याच आवाजात, पण स्टँडवरचा आवाज नव्हता तो. "बा देवा म्हाराजा, या खळ्यात थोरल्याने आपल्या तोंडाने गडगा घातला. धाकट्याची काही चूक नव्हती. तो गडगा काढायची थोरल्याला बुद्धी दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. त्यात धाकटाही, चांगला खणखणीत. तोंडातून गेल्यावर तो गर्रकन वळला.

लोक वाक्य पुन्हा यायची वाट बघत थांबले. ते पुन्हा आलं नाही. मंद बासरी सुरू झाली.

धाकटा गडग्याशी आला. म्हणाला, "दादा, शेवटाला काय म्हणालास? परत सांग."

सगळ्या जगाला दोनदा सांगणारे आमचे भाऊजी तोंड उघडून उभे राहिले. मला राहवेना, मी वाक्य पुन्हा लावायला बटणाकडे हात नेला, तर ताईने माझं मनगट धरलं. धाकटा थांबला होता. त्याला घाई नव्हती.

"चुकलो," भाऊजी म्हणाले. बस, एवढंच.

धाकट्याने पंच्याने तोंड पुसलं. "देवाफुडं व्हय म्हणून बसलो मी," तो म्हणाला. "आता नाय म्हणायची सोय ऱ्हायली हाय काय? चला, पोळ्या निवतायत."

परतीच्या फेरीबोटीवर मी भाऊजींना विचारलं की ते वाक्य सहकाऱ्यांनी लिहिलं होतं का. ते खाडीकडे बघत म्हणाले, "नाही, नाही. ते सुट्टीवर होते. मी बोललो तो सोमवार होता."

आता भाऊजी महिन्यातले बरेच दिवस गावी असतात. गडगा उतरवायचं काम चालू आहे म्हणतात, दोघं मिळून एक चिरा हलवतात आणि अर्धा दिवस त्यावर वाद घालतात. धाकटा मधे एकदा रत्नागिरीला आला तो एसटीने, आणि स्टँडवर उतरून त्या काचेसमोर थोडा वेळ उभा राहिला, असं ताईने सांगितलं. श्रुतिका बंद आहेत. माझा मिक्सर चार वाजता बिनबोभाट चालतो, गिऱ्हाइकं खूश आहेत. तरी चार वाजले की माझा हात बटणाकडे जातो आणि मी उगाच थांबते, खालून काठी वाजेल म्हणून.

परवा फोनवर भाऊजींचा एक आवाज आला, चुकून टिपला गेलेला. त्यात सहकारी नाहीत, बासरी नाही. दोन म्हातारे एका चिऱ्यावरून भांडतायत, मधेच कुणीतरी हसतंय, मागे कुठेतरी कोंबडा आरवतोय. मी मिक्सर बंद करून तो शेवटपर्यंत ऐकला. मग पुन्हा एकदा ऐकला.