दादाचा निळा ड्रम

काकू, माझ्या भावाला जन्मठेप लागली आणि आम्ही गाव सोडलं, त्या सकाळी टँकर आला होता. वैजापूरहून मागवलेल्या टेम्पोत आईनं भांडी, गोधड्या चढवल्या आणि दादाचा, नाव रंगवलेला निळा ड्रमही. सगळं गाव रांगेत उभं होतं. एकानंही मान वर केली नाही, तुम्ही तेवढ्या पदर तोंडाला लावून रडत होतात. आई एवढंच म्हणाली, "हितलं पाणी आता घशाखाली उतरायचं नाय."

हर्सूलला खोली घेतली ती जेल जवळ म्हणून. लोक शहरात पोटासाठी येतात, आम्ही जाळीपलीकडून दादाचं तोंड बघायला आलो. तेव्हा खोलीमागं ज्वारीची रानं होती. आता तिथं अपार्टमेंट आहेत आणि खाली पिझ्झा मिळतो. दादा आत होता तोवर एवढं सगळं उभं राहिलं. वैताग येतो बघा त्याचा.

टँकरवरच्या मारामारीत माणूस मेला, तेव्हा दादा बैल घेऊन चारा छावणीत होता. छावणीतल्यांनी तसं सांगितलंही, पण ते पडले दोस्त, कोण ऐकतंय! ऐकलं तुमचं, की दादा रांगेत होता. सख्खी चुलती कशाला खोटं बोलेल? आणि तुम्ही खोटं बोललाच नाहीत. वकिलानं विचारलं, चेहरा पाहिला का? तुम्ही म्हणालात, "त्याचा ड्रम व्हता की माझ्या म्होरं." आपल्याकडं ड्रम रांगेत असला की माणूस रांगेत आहे असंच धरतात, मग तो कुठंही जावो. कोर्टात हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सगळे नळाचं पाणी पिणारे. हायकोर्टातल्या वकीलबाई बिडकीनकडच्या, टँकरच्या रांगेत वाढलेल्या. त्यांनी तेच एक वाक्य धरलं आणि दादा सुटला. पण तोवर आई गेली होती.

आता मी विद्यापीठात चुकीच्या शिक्षांवरच संशोधन करते. दिवसभर निकालपत्रं वाचायची. खोटा साक्षीदार सापडला की बरं वाटतं, त्याच्यावर चिडता तरी येतं. तुमच्यासारखं कुणी भेटलं की कॉम्प्युटर बंद करून नुसती बसते. लई दमलेय, काकू.

तुमचा निरोप मिळाला, "नवं घर बांधलंय, दादाला घिऊन आपल्या घरी या." त्याला सांगितलं. तो नुसता हसला. आमच्या कॉलनीतही आता टँकर येतो. सगळे ड्रम लावून वर जातात, टीव्ही बघत बसतात. दादा मात्र उन्हात ड्रमला हात लावून उभा. शेजारचे चाचा म्हणतात, "जाओ मियाँ, हम देख लेंगे." हा हलत नाही. "नाय, मी हितंच उभा हाय," म्हणतो, जरा मोठ्यानंच, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तेव्हा तिकडं येणं काही व्हायचं नाही. घर म्हणाल तर आमचं आता हेच. तुम्हीच या. राग नाही. फक्त आल्यावर चहापाणी नंतर, आधी त्याच्यासमोर उभ्या राहा आणि त्याचं तोंड नीट बघून घ्या.